लहानूतात्यांचा हात

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी लहानूतात्यांचं नाव घेतो. आई-वडिलांचं त्यानंतर, आणि त्याबद्दल आईची काही तक्रार नाही. तात्या राजूरला सायकली दुरुस्त करत. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. ती पदवी मी नऊ किलोमीटरची डोंगरवाट रोज तुडवून मिळवली, आणि ज्या सायकलवरून तुडवली ती सायकल तात्यांनी तीन वर्षं जिवंत ठेवली.

आज तात्या कुणाच्याही ब्रेकला हात लावत नाहीत. "माझा हात बिघडला," असं सांगतात. तो बिघडलेला नाही. हे मला माहीत आहे, आणि कसं माहीत आहे ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

तात्यांचं दुकान म्हणजे बाजारपेठेच्या टोकाला, रस्ता जिथे ओढ्याकडे उतरू लागतो तिथली पत्र्याची शेड. समोर, उताराच्या तळाशी, बबनशेठचं भज्यांचं हॉटेल. तात्यांचा जन्म गेला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये, ब्रेकच्या कामावर. निवृत्त होऊन गावी आले तरी खाकी शर्ट सुटला नाही. वरच्या खिशात पेन असावं तिथे खडूचा तुकडा. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. नजर अधू होत चालली होती, पण कान असे की रस्त्यावरून गेलेल्या सायकलची चेन किती दिवसांची कोरडी आहे ते मान वर न करता सांगत.

माझी सायकल चाकणच्या मामाने दिलेली. त्याच्या मुलाने हौसेने घेतली आणि कंटाळून जिन्याखाली टाकली. जाड टायर, पुढे शॉकअप, एकवीस गिअर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. वाडीत ती आली तेव्हा नवी म्हैस बघायला यावेत तसे लोक बघायला आले. डांबरी रस्ता आमच्या वाडीवरून मोठा वळसा घेतो आणि सकाळची गाडी धरली तर पहिले दोन तास बुडतात. म्हणून मी खिंडीतली पायवाट धरली. खिंडीपर्यंत मुरूम, खिंडीतून खाली मोकळे दगड, मग कारवीच्या रानातून तीन वळणं, शेवटी भातखाचरांचे बांध. तिसऱ्या वळणाला वाट एका अंगाने उघडी आहे. खाली ओढ्याचा काळा कातळ.

मला वाटायचं, नवी सायकल आहे, तिला काय होतंय? दोन महिन्यांनी एका सकाळी तात्यांच्या दुकानावरून जाताना हाक आली.

"ए गिअरवाला! थांब तिथंच."

मी थांबलो. तात्या ट्यूब घासत होते. त्यांनी वर पाहिलंच नव्हतं.

"मागचं चाक दानं खातंय. ऐकू येत न्हाई व्हय तुला?"

"नवी सायकल आहे, काका."

"नवी व्हती. कुठनं येतोस?"

मी वाडीचं नाव सांगितलं. तेव्हा मान वर झाली.

"खिंडीतनं? ह्याच्यावर? रोज?"

"हो."

"घरी कोन कोन हाय?"

मला वाटलं ओळख काढतायत. म्हणालो, आई, वडील, आजी, धाकटी बहीण सुमन.

"म्हंजी तुला धरून पाच जनांचा ब्रेक हाय ह्यो." त्यांनी मागच्या ब्रेकची लिव्हर दाबली. ती सरळ मुठीला जाऊन टेकली. "अन् बग. येकाला बी धरीत न्हाई."

त्या दिवशी मी कॉलेजला चालत गेलो. सायकल त्यांनी ठेवून घेतली. संध्याकाळी आलो तेव्हा मागच्या चाकाचा एक्सल उघडून कागदावर ठेवला होता. ग्रीसच्या जागी चॉकलेटी चिखल. त्यातले छर्रे त्यांनी रॉकेलमध्ये धुतले आणि माझ्या तळहातावर ठेवले. "डोळं मिट. फिरव बोटानं." मी फिरवले. काही गुळगुळीत होते, काहींना टोचरी कड आली होती. "हे चाक डांबरीवर वरीसभर गेलं आसतं. तुझ्या वाटंवर दोन म्हैनं. दगूड मारीत न्हाई, पानी बी मारीत न्हाई. दोगांच्या मधी जी बारीक माती हाय ना, ती मारती. ती दिसत न्हाई."

"घरी कोन कोन हाय?" हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत. दूधवाल्याला, शाळेच्या पोरींना, पाहुण्यांनाही. ब्रेक दाबता दाबता विचारत. एकदा एका थट्टेखोर माणसाने सांगितलं, "कुनी न्हाई तात्या, येकटाच हाय." तात्या म्हणाले, "मंग तर लईच जपाय पायजे. रडाय बी कुनी न्हाई." त्या माणसाची थट्टा तिथेच जिरली.

काम झालं की कसोटी. दुकानापासून रस्ता खाली उतरतो आणि उताराच्या शेवटी बबनशेठच्या हॉटेलची भिंत. साठी उलटलेले तात्या दुरुस्त झालेल्या सायकलवर स्वतः बसत, दोन पायडल जोरात मारत आणि थेट भिंतीवर जात. भिंत हातभर राहिली की ब्रेक. चाक जागच्या जागी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. आत भजी तळणारे बबनशेठ रोज ओरडत, "तात्या, येक दिस कढईत येशीला! मी काय मानसाची भजी इकीत न्हाई!"

"ब्रेक न्हाई धरला तर म्याच पडंल की," तात्या म्हणत. "गिऱ्हाइकाला पाडण्यापरीस बरं." मग खिशातला खडू काढून टायरवर बरोबरची खूण करत. ज्या सायकलवर ती खूण नाही ती सायकल दुकानाबाहेर जात नसे, मालकाने कितीही आरडाओरडा केला तरी.

या आडमुठेपणाची एक गोष्ट राजूरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. एका रविवारी पुण्या-नाशिककडचे वीस-पंचवीस सायकलस्वार आले होते. भारी सायकली, रंगीत कपडे. खिंड चढून पलीकडे उतरायचा त्यांचा बेत होता. चहाला थांबले. तात्या त्यांच्या सायकलींमधून हात मागे बांधून हिंडत होते, जत्रेत बैल बघावेत तसे. एका निळ्या हेल्मेटवाल्यापाशी थांबले.

"सायेब, पुडचा ब्रेक दाबा जरा."

"काका, हायड्रॉलिक आहे हे. तुम्हाला नाही समजायचं."

"मला न्हाई समजत. लिव्हरला समजतंय. दाबा."

गृहस्थांनी दाबला. लिव्हर निम्म्याच्या पुढे गेली. "थोडा मऊ आहे. वर गेल्यावर बघतो."

"वर जायला ब्रेक कशाला लागतोय? चढ मानसाचा आसतो सायेब, उतार ब्रेकचा. आन् उतार पलीकडं हाय. तितं बगून काय उपेग?"

बाकीचे निघाले. हे गृहस्थ निघायला लागले तर तात्या पुढच्या चाकावर तंगड्या टाकून उभे. दोन्ही हातांनी हँडल धरलेलं. मागे जीप हॉर्न वाजवायला लागली, बाजारातली माणसं जमली. गृहस्थांचा चेहरा लाल झाला. "बाजूला व्हा. तुम्ही कोण मला अडवणारे?"

बबनशेठ हॉटेलातून ओरडले, "सायेब, नादी लागू नगा. ते भितीला बी भीत न्हाईत!"

लोक हसले. तात्या हसले नाहीत. "घरी कोन कोन हाय?" त्यांनी विचारलं.

गृहस्थांनी हँडल ओढून बघितलं. तेवढ्यात त्यांचा एक मित्र मागे फिरून आला. त्याने वाकून पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला. एका बाजूचं पॅड पार संपलं होतं, नुसतं लोखंड डिस्कला घासत होतं. गृहस्थ त्याच जीपमध्ये बसून गेले. आभार नाहीत, काही नाही. मी चिडलो. तात्या म्हणाले, "जीपनं गेला का? मंग झालं की."

तीन वर्षांत माझ्या सायकलचं काय काय झिजलं याची मला तेव्हा गंमत वाटायची, आता अचंबा वाटतो. पावसाळ्यात चिखलवाटेवर पॅड तीन-चार आठवडे टिकत. टायरवरचे रबराचे गुट्टे कडेने फाटत. गिअरच्या वायरी गंजून अडकत, मग चढावर नेमका जड गिअर पडून राही. स्पोक तुटत, तेही एकेक नाही. एक तुटला की शेजारचे त्याचा भार घेऊन तुटत. तात्यांनी चेन मोजायला शाळकरी स्टीलची पट्टी ठेवली होती. चेन ताणून धरायची, पट्टी लावायची, बारा इंचांवर पिन बरोबर आली पाहिजे. जरा पुढे गेली की चेन बदलायची. मी म्हणालो, "चेन लांबली." तात्यांनी लगेच चूक काढली. "लोखंड कदी लांबतंय व्हय? पिना झिजल्यात. धा-धा पिना जराजरा झिजल्या की बाहीरनं लांबी वाढल्यावानी दिसती. बीए करतोस ना? मंग दिसतं ते सांगू नको. झालंय ते सांग." पहिल्या वर्षापासून ते मला बीएच म्हणत.

सायकलबरोबर माझीही तपासणी होई. तळहात बघत, मनगट दाबून बघत. उताराच्या हादऱ्यांनी माझ्या करंगळ्यांना मुंग्या येत, लिहिताना पेन सुटे. एकदा ते म्हणाले, "बीए, तुझं बी छर्रं बदलाय झाल्यात. पन तुझ्या मापाचं संगमनेरात मिळत न्हाईत." मग हँडल वर घेऊन दिलं, मुठींवर जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं आणि सांगितलं, "उतरताना मूठ आवळू नको. भ्यालेला मानूस हँडल धरतो. शाना मानूस ब्रेक धरतो." आई त्यांना नागलीचं पीठ पाठवायची. तात्यांच्या मंडळी, काकू, त्याच्या भाकरी करून माझ्यासाठीच एक ठेवायच्या. पुष्कळदा ते माझं दुपारचं जेवण असे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो तिथे येतो.

तिसऱ्या वर्षाला पाचव्या सत्राचा पहिला पेपर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आला. वडिलांनी आधीच बजावलं होतं, "यंदा सुटला तर सुटला. न्हाईतर चाकनला मामाकडं कंपनीत." ते वाईट माणूस नाहीत. एकटे राबून थकले होते. खंडेनवमीला मी सायकल तात्यांकडे नेली. त्या दिवशी ते हत्यारांची पूजा करत. पाने, पकडी, हवेचा पंप, सगळं पाटावर मांडलेलं. पूजेआधी त्यांनी माझ्या सायकलला दोन्हीकडे नवे पॅड टाकले, चेनला तेल दिलं, भिंतीची कसोटी केली, टायरवर खूण केली. मग सणाचं म्हणून एकदा फडकं मारलं, हळदकुंकू लावलं आणि म्हणाले, "जा बीए. पेपर तुझा, ब्रेक माझा."

दसऱ्याच्या दिवशी वाडीत सगळं लोखंड अंगणात येतं. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळे, पहार. धुवायचं, तेलाचा हात फिरवायचा, झेंडूची माळ घालायची. माझी सायकलही त्या रांगेत उभी केली. मी ती उभी करताना ब्रेक दाबला, तर नवे पॅड डिस्कवर कुईकुई ओरडले.

आई म्हणाली, "सनासुदीचं चाक रडतंय बग. तेल लाव की त्याला." आणि खोबरेलाची वाटी माझ्या हातात दिली.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. तात्यांनी पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं, तेल चेनला, ब्रेकला कधीही नाही. पण फाळ चमकत होता, कुऱ्हाड चमकत होती, वाडीतली पोरंटोरं सायकलभोवती उभी होती, आणि दोन्ही डिस्क तेवढ्या मळकट दिसत होत्या. मी चिंधी बुडवली आणि डिस्कवर फिरवली. पुढच्या, मागच्या. आरशासारख्या झाल्या. कुईकुई थांबली. आई खूश झाली. मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. खिंडीपर्यंत चढ, ब्रेकची गरजच नाही. खिंडीतून खाली वळलो आणि पहिल्या दगडांवर ब्रेक धरला. लिव्हर घट्ट होती, म्हणून मला आधी कळलंच नाही. लिव्हर धरत होती, चाक धरत नव्हतं. दोन्ही आवळले. वेग वाढतच गेला. पहिलं वळण पाय घासत काढलं. चपलेचा अंगठा तुटला. दुसऱ्या वळणावर शॉकअप खाडकन बसला आणि दप्तर डोक्यावरून पुढे आलं. तिसरं वळण समोर दिसत होतं, त्याच्या पलीकडे काही नव्हतं. मी हँडल डोंगराच्या बाजूला मारलं आणि कारवीत घुसलो. खांद्यातून काडकन आवाज आला, तोही मी लांबून ऐकल्यासारखा ऐकला. लाकडं आणायला आलेल्या दोघांनी मला खाली नेलं. खांद्याचं हाड मोडलं होतं. पेपर गेला.

चौथ्या दिवशी तात्या आमच्या घरी आले. चालत, खिंडीतून. दारात उभे राहिले तेव्हा शर्ट घामाने काळा झाला होता. वाटेत ते तिसऱ्या वळणाला थांबले होते. सायकल आमच्या गोठ्यात पडली होती, तिचे पॅड त्यांनी आत यायच्या आधीच काढले होते. ते तळहातावर घेऊन ते माझ्या अंथरुणाशी बसले. पॅडला तेल होतं. ते त्यांना नाकाने कळलं होतं, पण उतारावर तापून ते करपलं होतं, कसलं तेल ते ओळखू येत नव्हतं.

वडील समोर खांबाला टेकून बसले होते. आई चुलीपाशी, पाठमोरी.

"बीए," तात्यांनी विचारलं, "घरी आल्यावर ह्याला काय लावलं व्हतंस का तू?"

आईचा हात थांबला. तिने वळून पाहिलं नाही. वडील माझ्याकडे पाहत होते. खरं सांगितलं असतं तर वाटी कुणी दिली हेही निघालं असतं, आणि माझं शिक्षण त्या खांबापाशीच संपलं असतं, असं मला वाटलं. आज वाटतं, संपलं नसतं कदाचित.

"न्हाई," मी म्हणालो.

तात्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी पॅडकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. "मंग कसोटीनंतर फडकं मारलं, त्यातनं गेलं," ते सावकाश म्हणाले. "चेनचं तेल व्हतं हाताला. मला दिसलं न्हाई." मग वडिलांकडे वळून त्यांनी हात जोडले. माझ्या वडिलांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस. "चूक माझी हाय. पोराची शाळा बंद करू नगा."

वडिलांनी केली नाही. हेच मला सर्वांत जास्त सलतं. माझ्या खोट्याने जे वाचलं असं मला वाटलं, ते खरं तर त्यांच्या जोडलेल्या हातांनी वाचलं.

खांदा भरून येईपर्यंत मी सायकल चालवू शकत नव्हतो. तात्यांनी दुधाच्या टेम्पोवाल्याशी बोलून मला डांबरी रस्त्याने न्यायची सोय केली. त्याला विसर पडू नये म्हणून ते रोज पहाटे फोन करत. राहिलेला पेपर मी पुढच्या परीक्षेला दिला. पास झालो. पेढे घेऊन गेलो तेव्हा तात्या पाटावर बसले होते. पेढा घेण्याआधी त्यांनी उजव्या हाताची बोटं नाकाशी नेली, वास घेतला, शर्टाला पुसली, पुन्हा वास घेतला. मग पेढा घेतला.

"हे काय?" मी काकूंना हळूच विचारलं.

"जेवाय बसताना बी तेच," काकू म्हणाल्या. "तीनदा साबन लावत्यात. म्हंत्यात, तेलाचा वास जात न्हाई."

त्या दसऱ्यापासून त्यांनी ब्रेकचं काम बंद केलं होतं. पंक्चर काढत, हवा भरत. ब्रेकचं गिऱ्हाईक आलं की म्हणत, "हात बिघडला माझा. संगमनेरला न्या." भिंतीवर कुणी सायकल घालेनासं झालं. बबनशेठनेच मला सांगितलं, "शांत झालंय लई. भजी गोड लागंनात."

मला मिरजगावच्या एका शाळेत नोकरी लागली. इथे सगळं सपाट आहे. ज्वारी, तूर, हायवे. विद्यार्थी सायकलवर येतात, पाय टेकवून थांबतात. मी कधी त्यांच्या ब्रेककडे पाहत नाही. पाहवत नाही. सायकल मी सुमनला दिली. ती आता त्याच वाटेने राजूरला अकरावीला जाते.

गौरी-गणपतीला घरी गेलो होतो. सुमन म्हणाली, "दादा, ब्रेक लई खाली चाललाय. तात्यांना दोनदा दावला, ते हातच लावत न्हाईत. संगमनेरला कवा नेऊ मी? कॉलेज बुडवून?"

"मग कशी उतरतेस?"

"पाय लावत," ती हसली. तिच्या बुटाचा तळ पुढून झिजून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी सायकल ढकलत तिच्याबरोबर खाली गेलो. आषाढ-श्रावणाचा सगळा पाऊस त्या पॅडवर गेला होता. लोखंड दिसायला लागलं होतं. तात्या मला बघून उठले, पाठीवरून हात फिरवला, "आलास का बीए," म्हणाले. मी सायकल पुढे केली. ते मागे सरले. खरंच एक पाऊल मागे सरले.

"ह्या सायकलला न्हाई," ते म्हणाले. "येकदा पाडलाय म्या तुला. आता ह्या पोरीला न्हाई. हात बरूबर न्हाई माझा."

"तात्या—" मी म्हणालो. सुमन उभी होती, बबनशेठ दारात उभे होते. माझ्या तोंडात ते वाक्य आलं होतं. आलं आणि गेलं. "बरं, संगमनेरला नेतो," मी म्हणालो.

नेली आणि पॅड टाकून आणले. पण खिंडीची वाट आहे. ते दिवाळीच्या आत संपतील, आणि सुमन पुन्हा पाय लावत उतरेल.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो होतो. गाडी बाजारातून वळली तेव्हा तात्या शेडमध्ये दिसले. एकटेच होते. समोर कुणाची तरी सायकल उलटी करून ठेवलेली, पंक्चरसाठी. ते चाक फिरवत नव्हते. उजवा हात चेहऱ्याजवळ धरून, मान कलती करून, एकेका बोटाचा वास घेत होते.

मिरजगावला पोचलो तसं पुढचं पत्र लिहिलं. तात्यांना फोन केला नाही. फोनवर मला पुन्हा तोच एक शब्द सुचला असता, "न्हाई".

*

मिरजगाव

तीर्थस्वरूप तात्यांस,

साष्टांग नमस्कार.

आमच्या घरी येऊन तुम्ही मला विचारलं होतंत, घरी आल्यावर ब्रेकला काही लावलं का. मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. दसऱ्याच्या दिवशी दुपारी मी माझ्या हाताने दोन्ही डिस्कना खोबरेल लावलं. चमकावी म्हणून लावलं. तुम्ही सांगितलेलं मला आठवत होतं, तरी लावलं.

तुम्ही म्हणाल, मला बरं वाटावं म्हणून लिहितोय. म्हणून एक गोष्ट सांगतो, ती तुम्हाला पटेल. त्याच सकाळी, तेल लावायच्या आधी, मी देवळाच्या घसरणीवरून सायकलवर खाली आलो होतो. पुढे अचानक शेळ्या आल्या. मी ब्रेक धरला आणि चाक जागेवर थांबलं. म्हणजे तुमच्या दुकानातून सायकल निघाली तेव्हा पॅड कोरडे होते. तुमच्या फडक्याला तेल नव्हतं. तुमच्या हातालाही नव्हतं. वाडीत देवळाशेजारच्या म्हातारीला विचारा, शेळ्या तिच्या होत्या आणि तिने मला शिव्या दिल्या होत्या.

तुम्ही माझ्या वडिलांपुढे हात जोडलेत तेव्हा मी पडल्या पडल्या बघत होतो. तेव्हाही बोललो नाही. त्यानंतर इतक्या वेळा तुमच्याकडे आलो, जेवलो, तेव्हाही बोललो नाही. याला क्षमा मागावी असा शब्द मला येत नाही. आईला आणि वडिलांना मी आज फोनवर सगळं सांगितलं. वडील म्हणाले, तात्यांना कळव.

तुमच्या चष्म्यामुळे हे पत्र बबनशेठ वाचून दाखवतील आणि ते मोठ्याने वाचतील, हे मला माहीत आहे. मोठ्यानेच वाचू द्या. तुमचा हात बिघडला असं ज्यांनी ज्यांनी ऐकलं, त्यांनी हेही ऐकावं.

सोमवारी सुमन येईल. सायकलवर बसू नकोस, सगळी वाट हातात धरून आण, असं तिला सांगितलं आहे. तिला संगमनेरला पाठवू नका. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नका, तो तुमचा हक्क आहे. पण तिचे ब्रेक तुम्हीच बघा. दुसऱ्या कुणाच्या हातावर तिला त्या उतारावरून सोडायची माझी हिंमत नाही.

तुमचा अपराधी,
रामनाथ